आप्पांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

मी वीसेक वर्षं लोकांच्या कॉम्प्युटरांना नंबर देत फिरलो. एवढंच केलं. सोयरीक जुळवताना माझ्या सासऱ्यांना 'नेटवर्क इंजिनिअर' असं सांगण्यात आलं होतं आणि हे टीव्हीच्या टॉवरशी संबंधित काहीतरी असावं अशा समजुतीत त्यांनी मुलगी दिली. लग्नानंतर महिन्याभराने बायकोने विचारलं, "अहो, पण तुम्ही नेमकं करता काय?" मी अर्धा तास समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नगरपालिकेची माणसं घरांवर नंबर टाकून जातात, तसं?" मी म्हटलं, "तसं अगदीच नाही." "मग कसं?" थोडी वाट बघून ती मेथी निवडायला लागली. त्याहून चांगली व्याख्या मला अजूनही सुचलेली नाही.

तेव्हा ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी आमच्या हिच्याच भाषेत सांगतो. एका ऑफिसात तीन-चार कॉम्प्युटर असले की एकमेकांशी बोलायला प्रत्येकाला पत्ता लागतो. पत्ता म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे. पहिले तीन गल्लीचे, ते सगळ्यांना सारखे. शेवटचा घराचा, तो प्रत्येकाचा वेगळा. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन भलत्याच्या दारात उभा राहतो. संपलं शास्त्र. आताच्या यंत्रांना हे नंबर आपोआप मिळतात. तेव्हा मात्र ते हाताने भरावे लागायचे, आणि ते भरायला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या दुकानातून मी स्कूटरवरून जायचो.

काम दोन मिनिटांचं असे. पण एक आकडा बदलला की जुना कॉम्प्युटर आधी विंडोजची सीडी मागायचा, सीडी दिली की 'आता मला बंद करून पुन्हा चालू करा' म्हणायचा. पुन्हा चालू व्हायला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मालक चहा मागवायचा. दिवसाला पाच ऑफिसं, प्रत्येकात निदान दोन कॉम्प्युटर, म्हणजे दहा कप. माझं आम्लपित्त हा माझ्या व्यवसायाचा एकमेव टिकाऊ पुरावा आहे.

लोक काय काय करतील याचा नेम नसे. कळवणकडच्या एका शाळेत मी पहिला कॉम्प्युटर लावून दिला, बाकीचे नऊ तिथले सर लावणार होते. "तुम्ही कशाला थांबता? मी बघून घेतलंय," ते म्हणाले. आठवड्याने फोन आला, एकही चालत नाही. जाऊन बघतो तर सरांनी पहिल्याचा पत्ता बाकीच्या नऊ जणांना जसाच्या तसा, टिंबासकट, सुवाच्य भरला होता.

"सर, प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा असतो," मी म्हटलं.

"आमच्या शाळेत भेदभाव चालत नाही," सर म्हणाले. पुढे हसले का नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट आप्पांची. त्या प्रकरणात चूक कॉम्प्युटरची नव्हती, वायरची नव्हती आणि एका अर्थी कुणाचीच नव्हती. थोडी माझी होती. तिच्याकडे येतो.

आप्पा म्हणजे फुलांचे मोठे व्यापारी. घर मूळचं बागाईतदार, झेंडू आणि शेवंतीचं. पुढे पंचवटीच्या बाजूला त्यांनी फुलांचा गाळा घेतला आणि आजूबाजूच्या गावांतला माल गोळा करून मुंबईला नि सुरतेला पाठवायला सुरुवात केली. वडील लवकर गेले, तेव्हा आप्पांनी धाकट्या भावाला, नानांना, लहानाचं मोठं केलं. नाना तेव्हा पंचेचाळिशीचे होते, पण आप्पांच्या केबिनमध्ये जाताना अजून चपला बाहेर काढायचे. सबंध मार्केटला दम देणारा माणूस आप्पांशी बोलताना जमिनीकडे बघायचा.

कॉम्प्युटर आणायचा हट्ट मनीषाचा. मनीषा आप्पांची सून. मनमाडची, वडील रेल्वेत, स्वतः बीकॉम. त्या घरातली बाई गाळ्यावर येऊन बसली ती पहिल्यांदा हीच. त्यासाठी तिने वर्षभर घरात काय काय केलं असेल ते तिलाच ठाऊक. शेवटी आप्पा म्हणाले होते, "दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर जमलं. नाय तर डबे परत, आन तू घरी."

तर मी तीन डबे बसवले. पुढच्या काचेच्या केबिनमध्ये आप्पांचा, मागे टेलिफोनशेजारी मनीषाचा, आणि माल भरतात त्या बाजूला नानांचा. आप्पांचा तिघांत सगळ्यात जुना होता, कारण ते त्याला हात लावणार नव्हते. त्याच्या पडद्यावर दिवसभर चित्रातले मासे फिरायचे आणि आप्पा अधूनमधून ते बघायचे. त्याला नेटवर्कची वायर जोडायची काही गरज नव्हती. मी तसं म्हटलंही. नाना दुखावले. "आम्हाला दोघांना वायर, आन आप्पांना नाय?"

जोडली.

इंटरनेटचा मोडेम टेलिफोनला लागतो, म्हणून तो मनीषाच्या कॉम्प्युटरला. बाकीच्यांना बाहेर जायचं तर तिच्या कॉम्प्युटरमधून जायचं. आणि त्या वेळच्या विंडोजची अट अशी की जो कॉम्प्युटर बाहेरची वाट देतो, त्याने शेवटचा आकडा एक घ्यायचा. दुसरा चालत नाही. म्हणून मनीषाला एक. मग आप्पांना दोन, नानांना तीन. माझी शिस्त अशी, की काम झालं की प्रत्येक डब्यावर त्याच्या नंबरचं स्टिकर चिकटवायचं, काळ्या मार्करने, ठळक.

आप्पा केबिनमध्ये आले, खुर्चीत बसले, स्टिकरकडे बघितलं.

"दोन?" ते म्हणाले.

एवढंच. मी खुशाल चहा पीत होतो. नानांचा चेहरा मात्र एखाद्याने भर लग्नात नवरदेवाला मागच्या पंगतीत बसवावं तसा झाला.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, ते नंबर कुठून बदलतात?"

"कशाला?"

"शिकून ठेवतो. तुम्ही दर टायमाला कुठं येणार?"

असा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नव्हता. कुठे दाबायचं, कुठे लिहायचं, सीडी कधी घालायची, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. सीडीची एक प्रतही मी त्यांना देऊन टाकली. घरी येऊन बायकोला सांगितलं, बाजारातला माणूस, पण काय जिज्ञासा!

तीन दिवसांनी मनीषाचा फोन. "सर, नानांच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट येत नाही."

मी गेलो. मनीषाच्या पडद्यावर इंग्रजीत पाटी होती, तुमचा नंबर दुसऱ्या कुणीतरी घेतला आहे. आप्पांच्या केबिनमध्ये डोकावलो. स्टिकर नवं होतं. त्यावर एक. आतही एक. मनीषाच्या डब्यावरचं स्टिकर खरवडून काढलेलं.

काय होत होतं ते सांगतो. गाळ्याचा रिवाज असा की सकाळी अगरबत्ती झाली की नाना सगळ्यात आधी आप्पांचा कॉम्प्युटर चालू करायचे. मोठ्यांच्या आधी कुणाचा चालू व्हायचा नाही. म्हणजे 'एक नंबर मी' असं आप्पांचा डबा आधी सांगून बसायचा. नंतर मनीषाचा जागा व्हायचा, त्याला कळायचं की आपली जागा गेली, आणि तो मुकाट्याने गल्लीतून बाजूला व्हायचा. मग नानांचा कॉम्प्युटर विचारायचा, एक नंबर कुठे आहे, मला बाहेर जायचंय. केबिनमधून उत्तर यायचं, मी इथे आहे. पण त्या डब्याला बाहेरची वाटच नव्हती. त्याच्याकडे नुसते मासे होते.

मी आप्पांचा नंबर परत दोन केला आणि नानांना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. "समजलं. बरोबर हाय तुमचं." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक.

"नाना, असं कसं?"

"साहेब, आप्पांच्या टेबलाला दोन नंबर? मला सकाळी तिथं अगरबत्ती फिरवताना हात उचलत नाय."

मी तोडगा काढला. "वर स्टिकर एकचं ठेवा. आत दोन राहू द्या. कुणाला दिसतंय?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे आप्पांना फसवायचं?" खाली मान घालून म्हणाले, "नाय साहेब. त्ये पाप मला जमायचं नाय."

दुसरा तोडगा, मोडेमच आप्पांच्या टेबलावर नेला. म्हणजे एक नंबर खरोखर त्यांचा. पण त्या काळचा मोडेम फोन लावताना जो आवाज करायचा तो ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. बारक्या पोराचं बोट दारात सापडल्यासारखा. पहिल्याच दिवशी आप्पा डोळे मिटून जप करत होते तेव्हा तो ओरडला. त्यातून आप्पा एखाद दिवशी सायखेड्याला पाहुण्यांकडे गेले की केबिनला कुलूप, आणि इंटरनेट कुलपाच्या आत. दोन दिवसांत मोडेम मनीषाकडे परत आला.

तिसरा तोडगा कुणी सुचवला नाही, तो म्हणजे आप्पांना सांगणे.

पंधरा दिवस हे चाललं. मी जायचो, दोन करायचो, चहा प्यायचो, यायचो. सकाळी नाना एक करायचे. मनीषाला सगळं माहीत होतं. पडद्यावरची पाटी तिने पहिल्याच दिवशी वाचली होती. पण सासऱ्यांना जाऊन 'तुमच्यामुळे बंद पडतंय' म्हणायचं कसं? आणि मी? मी बाहेरचा माणूस, माझं काय जात होतं? पण आप्पांच्या भरघोस मिशा बघितल्या की माझ्या तोंडून "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" असंच बाहेर पडायचं. नाशिकच्या व्होल्टेजवर मी त्या पंधरा दिवसांत इतके आळ घेतले की ते खरंच कधी बिघडलं तर त्याला दोष देता येऊ नये.

घटस्थापनेच्या दिवशी फटका बसला. सुरतेचा एक व्यापारी रोज साडेदहाला मेलवर ऑर्डर पाठवायचा आणि बारापर्यंत उत्तर नाही आलं तर माल दुसऱ्याकडून उचलायचा. आधी तो फोन करत असे, पण मोडेम चालू असला की गाळ्यावरचा फोन एंगेज, म्हणून वैतागून त्याने मेल धरला होता. आता कुणी म्हणेल, मेल मनीषाच्याच कॉम्प्युटरवर का नाही उघडला? तिच्या डब्यावर इंटरनेट होतंच की. होतं. पण ऑर्डर नानाच बघणार, असं आप्पांनी ठरवून दिलेलं होतं. म्हणून मेल नानांच्या डब्यावर, आणि नानांच्या डब्याची वाट केबिनमध्ये अडलेली. ऑर्डर पडून राहिली. झेंडूचे क्रेट संध्याकाळपर्यंत गाळ्यात थांबले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वास यायला लागला.

आप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "दसरा झाला की डबे उचला. पुन्हा फोन आन वही. मनीषा घरी."

दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी साधा. "सर, मला स्वयंपाक आवडतो. पण दिवसभर नाही. दसऱ्याला आठ दिवस राहिलेत. तुम्ही एकदा आप्पांशी बोला ना. तुम्ही बाहेरचे आहात. तुम्हाला ते काय करतील?"

मला ते काय करतील याच प्रश्नाने मी रात्रभर तळमळलो. सकाळी बायको म्हणाली, "त्या पोरीचं ऑफिस जातंय आणि तुम्ही व्होल्टेज व्होल्टेज काय करताय?" तेव्हा निघालो. कॉलेज रोड ते पंचवटी स्कूटरवर मी भाषणाची तालीम केली आणि मला एक फार सुंदर उपमा सापडली.

केबिनमध्ये आप्पा होते. नाना दाराशी, चपला काढून. मनीषा माझ्यामागे.

"आप्पा," मी म्हटलं, "तो एक नंबर आहे ना, तो खरं तर गेटवरचा नंबर असतो. कॉम्प्युटरच्या भाषेत त्याला गेटच म्हणतात. आता गेटवर कोण बसतं? राखणदार. मालक कधी गेटवर बसतो का? मालक आत बसतो. म्हणून तुम्हाला दोन."

मी विजयी मुद्रेने थांबलो.

आप्पांनी चष्मा काढला. "म्हंजे माझ्या सुनंला तुम्ही राखणदार केलं?"

मागून मनीषाचा खोकल्यासारखा आवाज आला. उपमेचं पुढे काय करायचं याची तालीम मी केलेली नव्हती.

"नाही, म्हणजे, राखणदार तसा नाही..."

"इंजिनिअर, गुळणी टाका तोंडातली. हा माझा डबा बंद केला, तर काय काय बंद पडतंय?"

मी नानांकडे बघितलं. नाना पंख्याकडे बघत होते.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"आन हिचा केला तर?"

"सगळं."

आप्पांनी खुर्ची मागे सारली, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि टेबलाखालच्या बोर्डाची पिन स्वतः ओढून काढली. मासे गेले. त्याच बोर्डावर पंखा होता, तोही गेला. नानांना बघायला काही राहिलं नाही.

"आता?"

"आता मनीषाताईंचा एकदा बंद करून चालू करायला लागेल. चार मिनिटं."

आयुष्यात एवढी लांब चार मिनिटं मी बघितली नाहीत. पंखा बंद, घाम, कुणी चहा मागवेना. मनीषा मागच्या टेबलाशी गेली. नाना आपल्या जागी जाऊन बसले. केबिनच्या काचेतून आप्पा दोघांकडे पाळीपाळीने बघत होते. मोडेम किंचाळला. मग शांतता. मग मालाच्या बाजूने नानांचा आवाज, अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असा:

"आलं! आलं रे आलं! सुरत आलं!"

हमाल वळून बघायला लागले. तेवढ्यात आपण कशाचा आनंद करतोय ते नानांच्या लक्षात आलं. वर गेलेला हात त्यांनी तसाच हळूहळू खाली आणला आणि डोकं खाजवल्यासारखं केलं.

"आता थांबून काय उपेग," आप्पा आतून म्हणाले. "ऑर्डर बघ. गाडी भर."

गाडी भरायला लागली तशी आप्पांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"नाना, तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मनीषा?"

"हो, आप्पा."

"इंजिनिअर?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. व्होल्टेजचं नाव काढायची हिंमत झाली नाही.

"म्हंजे मी एकलाच राहिलो." त्यांनी स्टिकरकडे बोट दाखवलं. "मी 'दोन?' म्हटलं त्ये का म्हटलं ठाऊक हाय का? मला वाटलं, डबे दोनच आलेत. पैसे घेतले तिघांचे आन आणले दोनच का काय, म्हनून इचारलं. एक का दोन, मला काय त्याचं? मला तर त्यातले मासेच बरे वाटायचे."

पंधरा दिवस नानांनी रोज सकाळी सीडी घालून, डबा बंद-चालू करून, अगरबत्तीआधी अंघोळ करून जो मान राखला होता तो आप्पांनी कधी मागितलाच नव्हता. खरं सांगतो, मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. नाना निदान श्रद्धेने गप्प होते, मनीषाला बोलायची सोय नव्हती. मी नुसताच भित्रा होतो. पहिल्याच दिवशी एक वाक्य बोललो असतो तर घटस्थापनेचा झेंडू सुरतेला पोचला असता. एवढ्या वर्षांत कित्येक ऑफिसांतून मी बिघाड शोधले, पण सापडलेला बिघाड सांगायचा राहिला असं तेवढं एकदाच झालं, आणि ते माझ्या हातून झालं.

"डबे राहू द्या," आप्पा म्हणाले. "माझ्या डब्याची ती वायर तेवढी काढून टाका. मासे राहू द्या. आन मनीषा, ऑर्डरी उद्यापासनं तू बघायच्या. नाना माल बघंल." मग आम्हा तिघांवरून नजर फिरवून म्हणाले, "आन एक. माझ्यापायी काय बंद पडत असलं, तर इथून पुढं मला तोंडावर सांगायचं. समजलं?"

"समजलं," नाना म्हणाले आणि पाया पडायला वाकले.

मनीषा हलली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "आप्पा, मग आताच सांगू?"

"काय?"

"गाडीवाल्याला तुम्ही अकरा वाजता घरी जेवायला पाठवता, तो एक वाजता येतो. मुंबईची गाडी त्यामुळे रोज उशिरा निघते."

आप्पांच्या मिशा हलल्या. "बरं. अजून?"

"टेलिफोनचं कुलूप. किल्ली तुमच्या खिशात असते आणि तुम्ही दुपारी झोपता."

"अजून?"

"शेवंतीवाल्यांना तुम्ही..."

"थांब," आप्पांनी हात वर केला. मनीषा थांबली. आप्पांच्या पुढ्यात ती सून म्हणून आली त्या दिवसापासून कधी बसलेली नव्हती, उभ्यानेच बोलायची.

आप्पांनी समोरची, व्यापाऱ्यांसाठी असते ती गादीची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"बस आधी," ते म्हणाले. "उभ्यानं संपणारं नाय दिसत ह्ये."

ती बसली, आणि पुन्हा शेवंतीवाल्यांपासून सुरू झाली.